दाव्यापासून दरखास्तीपर्यंत

तालुक्याच्या कोर्टात मी नुकती वकिली सुरू केली होती, त्या दिवसांत एका सोमवारी एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. दाव्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागून सहा वर्षे झाली होती. खताच्या रिकाम्या पिशवीत त्यांनी हुकूमनाम्याची नक्कल ठेवली होती आणि घडीवर तो कागद फाटत आला होता. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीचा अर्ज, दाखल झालेली होती, कब्जा वॉरंट निघालेले होते, बेलीफ पंचांना घेऊन बांधावर जाऊनही आला होता. तरी जमीन मिळाली नव्हती. हुकूमनाम्यात जमिनीचा जुना सर्व्हे नंबर होता. मधल्या काळात गावाला एकत्रीकरण योजना लागू होऊन गट नंबर आले होते, जुन्या नंबराची जमीन तीन गटांत गेली होती आणि वादपत्रात चतुःसीमा लिहिलेल्याच नव्हत्या. मिळकतीची ओळख पटत नाही, असा अहवाल देऊन बेलीफ परतला होता.

स्थावर मिळकतीचा दावा असेल तर ती ओळखता येईल असे वर्णन वादपत्रात द्यावे, चतुःसीमा किंवा सर्व्हे क्रमांक असतील तर तेही द्यावेत, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ चा नियम ३ सांगतो. वर्गात हा नियम मी दोन मिनिटांत शिकलो होतो. परीक्षेत त्यावर कधी प्रश्न आला नाही. त्या शेतकऱ्यांच्या बाबतीत मात्र मालकी हक्काइतकेच वजन या चार ओळींना होते. कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज, मोजणीसाठी कोर्ट कमिशन, भूमी अभिलेख कार्यालयातला नकाशा, एवढे सगळे होऊन कब्जा मिळायला आणखी तीन वर्षे गेली. या पुस्तकाचे बीज त्या तीन वर्षांत आहे.

पुस्तकाचे विषय तीन : दिवाणी प्रक्रिया, अपकृत्याचा कायदा आणि लोकविधी. दावा कुठे लावायचा, कसा चालवायचा आणि निकालाची बजावणी कशी करून घ्यायची, हे प्रक्रिया सांगते. करार नसतानाही एकाने दुसऱ्याचे नुकसान केले तर भरपाई कधी द्यावी लागते, हा अपकृत्याचा प्रांत. राज्यसत्तेने आपले अधिकार कसे वापरावेत आणि ते गैर वापरले तर नागरिकाने काय करावे, हे लोकविधीत येते. विधी महाविद्यालयांत हे तीन विषय वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळे प्राध्यापक शिकवतात, त्यांच्या गाईडही वेगळ्या निघतात. अन्याय झालेला माणूस कोर्टात येतो तेव्हा त्याचा प्रश्न अशा तीन फायलींत वाटलेला नसतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्याच मराठवाड्यात घडले आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. त्यानंतर तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. तिला ताप भरला, पोट फुगले. दुसऱ्यांदा पोट उघडले तेव्हा आत पहिल्या शस्त्रक्रियेत राहून गेलेले टिपण्याचे कापड सापडले. काही दिवसांतच ती गेली. नवऱ्याने आणि मुलांनी डॉक्टरांवर आणि राज्य सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला. सरकारने रुग्णालय चालवणे हे सार्वभौम सत्तेचे काम आहे, म्हणून सरकार भरपाईला बांधील नाही, असा विचार त्या निकालात होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये हा विचार चुकीचा ठरवला आणि खालच्या कोर्टाचा हुकूमनामा पुन्हा उभा केला. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निवाडा ओळखला जातो.

पोटात कापड राहणे यातच निष्काळजीपणा दिसतो, वेगळा पुरावा कशाला, हा अपकृत्याचा प्रश्न झाला. डॉक्टरच्या चुकीबद्दल सरकार जबाबदार की नाही, हा लोकविधीचा. आणि ३६,००० रुपयांसाठी ३२ वर्षे का लागली, हा प्रक्रियेचा. त्या कुटुंबाला तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागली, एक जरी चुकले असते तरी हाती काही पडले नसते. म्हणून मी हे विषय एका पुस्तकात आणले आहेत आणि सुरुवात प्रक्रियेपासून केली आहे.

प्रक्रिया इंग्रजांनी आणली, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. मराठेशाहीतल्या वतनाच्या तंट्यांचे कागद वाचले तर त्यांत शिस्तशीर क्रम दिसतो. आधी फिर्याद मांडणारा तो अग्रवादी, त्याला उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांनी आपापला करीना, म्हणजे हकिकत, लिहून द्यायचा, पंचांचा निवाडा मान्य करू असा राजीनामा आधीच द्यायचा, जामीन ठेवायचे. मग भाऊबंद आणि गावकरी यांची गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, सभेच्या निर्णयाचा महजर लिहिला जायचा. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि त्याला सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची फी, भरावी लागे. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या १९५३ सालच्या ग्रंथात या कागदांचा जो अभ्यास केला, तो दिवाणी वकिली करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी चाळावा. आज ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. तेव्हा तो निकाल पाळण्याची कबुली होता. त्या व्यवस्थेचे दोषही लपवण्यासारखे नाहीत. जातीची उतरंड गोतसभेत हजर असे, दिव्य करायला लावत आणि दुबळ्याचा जामीन व्हायला कोण पुढे येणार, हा प्रश्न होताच. पण निवाडा बंधनकारक व्हायचा तर दोन्ही बाजू आधी ऐकल्या पाहिजेत आणि त्यांचे म्हणणे लिहून घेतले पाहिजे, ही जाणीव इथे जुनी आहे.

पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पंचायती काही काळ चालू ठेवून पाहिल्या. पुढे १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे विनियम एकत्र करण्यात आले. त्यांतला चौथा विनियम दिवाणी न्यायाचा होता. लागू पडेल असा कायदा नसेल तर देशाची रूढी पाहावी, ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा आणि तोही नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांवर निकाल द्यावा, असे त्याचे कलम २६ सांगत होते. या शेवटच्या तीन शब्दांच्या दारातून पुढे इंग्लंडचा अपकृत्याचा जवळजवळ सगळा कायदा आपल्याकडे आला.

सबंध ब्रिटिश हिंदुस्थानसाठी दिवाणी प्रक्रियेची पहिली संहिता १८५९ ची. ती १८७७ आणि १८८२ मध्ये नव्याने लिहिली गेली. आज चालते ती १९०८ ची, १ जानेवारी १९०९ पासून अमलात आलेली. या इतिहासातला एक मराठी अध्याय मात्र पाठ्यपुस्तकांत दोन ओळींवर जात नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मे १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंगा पुणे-नगर भागात पसरला. कर्ज हे कारण होतेच, त्याच्या जोडीला कोर्ट हेही कारण होते. सावकार दावा लावी, समन्स शेतकऱ्यापर्यंत पोहोचे न पोहोचे, पोहोचले तरी तो कोर्टात जाई ना, एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन लिलावात निघे. कायद्याप्रमाणे सगळे बिनचूक होते. यावर उपाय म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने कोर्टाने काय करावे, ते बदलले. प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याची जबानी घ्यावी, खतात लिहिलेल्या आकड्यावर न थांबता व्यवहार पहिल्यापासून तपासावा, हप्ते बांधून द्यावेत आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, असे न्यायाधीशाला सांगितले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले, गावोगाव फिरून कोर्टांची दफ्तरे तपासली. प्रक्रिया बदलली की दुबळ्या पक्षाचा हक्क बदलतो, हे महाराष्ट्राने तेव्हा अनुभवले आहे.

१९०८ च्या संहितेची रचना समजली की तिची भीती निम्मी कमी होते. १५८ कलमे हा तिचा सांगाडा, तो बदलायचा तर विधिमंडळच हवे. त्यामागे ५१ आदेश आणि त्यांतले नियम, ते उच्च न्यायालयाला आपल्या प्रांतापुरते बदलता येतात. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या दुरुस्त्या न पाहता दिल्लीत छापलेले पुस्तक घेऊन इथे दावा चालवणे धोक्याचे आहे. महाराष्ट्राने १९७७ मध्ये कलम ९-अ घातले. मनाई हुकुमाच्या टप्प्यावर कोणी अधिकारक्षेत्राची हरकत घेतली तर तो मुद्दा आधी निकाली काढावा, असे त्यात होते. हेतू चांगला होता. व्यवहारात या हरकतीचे हत्यार झाले, साक्षी-पुराव्यासह एक दाव्याआतला दावा उभा राहू लागला आणि २०१८ मध्ये ते कलम काढून टाकावे लागले.

गोव्याची वाट वेगळी. तिथे पोर्तुगीज दिवाणी प्रक्रिया संहिता चालत होती. भारतीय संहिता मुक्तीनंतर काही वर्षांनी, १९६० च्या दशकाच्या मध्यात लागू झाली. वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याची ‘इन्व्हेंटरी’ ही कार्यवाही मात्र तिथे आजही चालते. महाराष्ट्रात एखादा वाटपाचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालताना पाहिला की गोव्याच्या त्या कार्यवाहीचा अभ्यास आपण का केला नाही, असे मला वाटते.

प्रक्रियेबद्दल विचारांचे दोन प्रवाह आहेत. प्रक्रिया ही न्यायाची दासी, तिच्यापायी कुणाचा हक्क जाऊ नये, हा एक. वेळापत्रक पाळले नाही तर न्याय मिळतच नाही, म्हणून मुदती कडक हव्यात, हा दुसरा. आपल्या कायद्याचे माप दोन्हींमध्ये हलत राहिले आहे. २००२ च्या दुरुस्तीने प्रतिवादीने लेखी कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यावी असे ठरवले. २००५ मध्ये ‘कैलास विरुद्ध नन्हकू’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत योग्य कारणासाठी वाढवता येते असे सांगितले. व्यापारी दाव्यांत मात्र १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्क संपतो. म्हणजे व्यापाऱ्यांच्या दाव्याला एक घड्याळ आणि बांधाच्या दाव्याला दुसरे. मुदती सर्वांना सारख्याच कडक असाव्यात, असे माझे मत आहे. फक्त समन्स खरोखर हातात पडल्याची खात्री कोर्टाने आधी करून घ्यावी. १८७५ चा धडा तोच आहे.

अपकृत्याकडे वळताना प्रथम सांगायला हवे की या विषयाची संहिता आपल्याकडे नाही. फौजदारी, करार, पुरावा, मालमत्ता हस्तांतरण या सगळ्यांचे कायदे एकोणिसाव्या शतकात लिहिले गेले. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ मध्ये अपकृत्यांच्या कायद्याचा मसुदाही तयार केला, तो कायदा झाला नाही. म्हणून हा कायदा निवाड्यांतूनच शिकावा लागतो. नवख्याला ते अवघड वाटते. मला त्यात गोडी वाटते, कारण प्रत्येक तत्त्वामागे एक माणूस आणि एक दिवस असतो.

काळजी घेण्याचे कर्तव्य म्हणजे काय, हे जगभरचे विद्यार्थी १९३२ च्या स्कॉटलंडमधल्या बाटलीबंद पेयाच्या खटल्यातून शिकतात. मी वर्गात पालशेतपासून सुरुवात करतो. रत्नागिरी जिल्ह्यातले गुहागरजवळचे हे किनाऱ्यावरचे गाव. मे १९५३ मध्ये तिथे समुद्रकाठी एका विशीतल्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. गावात जुजबी उपचार झाले आणि त्याला टॅक्सीत घालून पुण्याला आणले. तो प्रवास ११ तासांचा होता. पुण्यात, तेवढा प्रवास करून थकलेल्या त्या मुलाचे हाड पुरती भूल न देता, माणसांकरवी जोर लावून ओढण्यात आले, असा निष्कर्ष पुढे कोर्टांनी काढला. त्याच रात्री तो गेला. आईवडिलांनी दावा लावला. वडील स्वतः डॉक्टर होते. हुकूमनामा ३,००० रुपयांचा झाला आणि तो १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि तो करताना अशा तीन टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे सूत्र ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या निवाड्यातून आले. वैद्यकीय निष्काळजीपणावरचा देशातला कोणताही युक्तिवाद आजही पालशेतच्या त्या वाळूवरून सुरू होतो. त्या आईवडिलांनी ३,००० रुपयांसाठी पंधरा वर्षे दावा लढवला असेल, हे मला पटत नाही.

धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याने ती निसटली तर चूक नसतानाही भरपाई द्यावी, हे १८६८ च्या ‘रायलंड्स विरुद्ध फ्लेचर’ या इंग्रजी निवाड्याचे तत्त्व. त्याला अपवाद इतके होते की कारखानदार त्यांतून सहज सुटे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना झाली. वर्षभराने, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू निसटला. त्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश प्र. न. भगवती यांनी सांगितले की धोकादायक उद्योग करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण आहे, तिला अपवाद नाहीत, आणि भरपाई उद्योगाच्या ऐपतीप्रमाणे वाढेल. भारताने अपकृत्याच्या कायद्यात घातलेली ही सर्वांत मोठी भर. भोपाळच्या लोकांना मात्र तिचा उपयोग झाला नाही. अमेरिकेतल्या कोर्टाने त्यांचा दावा भारतातच चालवा म्हणून परत पाठवला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. दावा कोणत्या देशात चालेल, अंतरिम भरपाई देता येते का, हजारोंच्या वतीने एकट्या सरकारने तडजोड करावी का, हे सगळे प्रक्रियेचे प्रश्न होते. तत्त्व किती थोर आहे यावर नुकसानभरपाई ठरली नाही.

आपल्याकडे अपकृत्याचे दावे इतके थोडे का? मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, हे एक कारण. बदनामीसारख्या दाव्याला मुदत एकच वर्षाची, हे दुसरे. पण मोठे कारण असे की या कायद्याचे जिवंत भाग तोडून वेगळ्या न्यायाधिकरणांकडे दिले गेले. रस्त्यावरचे अपघात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, कामगारांच्या इजा १९२३ च्या कायद्याखाली, आणि १९९५ च्या ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालानंतर वैद्यकीय सेवेतले बहुतेक दावे ग्राहक मंचाकडे. गरिबाला ही दारे जवळची आहेत यात शंका नाही. तिथे वापरली जाणारी कर्तव्य, निष्काळजीपणा, कार्यकारणसंबंध ही मापे मात्र अपकृत्याचीच, त्यामुळे हा कायदा संपला असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अपकृत्ये म्हणजे सुट्या चुकांची यादी की नुकसानभरपाईचे एकच व्यापक तत्त्व, हा सालमंड आणि विनफील्ड या पंडितांचा वाद परीक्षेसाठी सर्वांना पाठ असतो. भरपाई हा बिघडलेला तोल सावरण्याचा नैतिक मार्ग आहे की पुढचे अपघात स्वस्तात टाळण्याचा आर्थिक मार्ग, हा अलीकडचा वाद मला अधिक उपयोगाचा वाटतो. न्यायाधीश रक्कम कशी ठरवतो, ते त्यावर अवलंबून असते.

आता राज्यसत्ता. १८६१ मध्ये कलकत्त्यात सरकारी गोदीतले मजूर लोखंडाचा मोठा तुकडा रस्त्यावरून नेत होते. तो पडला, आवाजाने एका जहाज कंपनीच्या बग्गीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. कंपनीला ३५० रुपये भरपाई मिळाली. पण निकाल देताना न्यायालयाने एक रेघ ओढली : सरकारने व्यापाऱ्यासारखे काम केले तर सरकार जबाबदार, सार्वभौम म्हणून केले तर नाही. ती रेघ पुढच्या प्रत्येक घटना-कायद्यातून वाहत आली आणि आज संविधानाच्या अनुच्छेद ३०० मध्ये आहे.

तिचा सर्वांत कडू परिणाम ‘कस्तुरीलाल’ या खटल्यात दिसला. सप्टेंबर १९४७ मध्ये मेरठ पोलिसांनी एका सराफाला संशयावरून पकडले, शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त करून मालखान्यात ठेवले. हेड कॉन्स्टेबलने ते पळवले आणि तो पाकिस्तानात निघून गेला. सराफ निर्दोष होता. सोने परत द्या, नाहीतर किंमत द्या, एवढीच त्याची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ती फेटाळली. अटक आणि जप्ती ही सार्वभौम कामे, म्हणून सरकार जबाबदार नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर जन्माने साताऱ्याचे. आपल्या निकालाने न्याय होत नाही, हे त्यांनी त्यातच नोंदवले आणि राज्याच्या जबाबदारीचा कायदा विधिमंडळाने करावा, असे सांगितले. विधी आयोगाने १९५६ च्या अगदी पहिल्या अहवालातच हे मागितले होते. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके आली आणि विरून गेली. याच गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखाली विधी आयोगाने दिवाणी प्रक्रियेवरचा ५४ वा अहवाल दिला. १९७६ च्या मोठ्या दुरुस्तीत सरकारवर तातडीचा दावा कलम ८० च्या दोन महिन्यांच्या नोटिशीशिवाय, कोर्टाच्या परवानगीने लावता येईल, अशी सोय झाली. लोकविधीत जे दार उघडता आले नाही, त्याची फट प्रक्रियेतून उघडली.

मोठे दार १९८३ मध्ये उघडले. निर्दोष सुटल्यावरही रुदुल साह हा माणूस बिहारच्या तुरुंगात १४ वर्षे पडून होता. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने रिट अर्जातच, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या अर्जातच, एकूण ३५,००० रुपये द्यायला लावले आणि दिवाणी दाव्याचा मार्गही मोकळा ठेवला. १९९३ मध्ये ओडिशातल्या एका आईच्या पत्रावरून चाललेल्या नीलाबती बेहेरा प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की मूलभूत हक्क मोडला तर मिळणारी भरपाई हा लोकविधीतला स्वतंत्र उपाय आहे आणि तिथे सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही.

लोकविधीचा पसारा भरपाईपुरता नाही. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या ठेक्यावरून १९७९ मध्ये ठरले की सरकारने स्वतः घातलेल्या अटी स्वतः पाळल्या पाहिजेत. फुटपाथवरच्या झोपड्या १९८१ च्या पावसाळ्यात हटवण्याच्या मोहिमेतून ऑल्गा टेलिस खटला उभा राहिला आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. त्या लोकांना फुटपाथ मात्र सोडावा लागला, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. सामान्य न्यायालयेच सत्तेला आवरतील हा डायसी या विधिपंडिताचा इंग्रजी विचार आणि प्रशासनासाठी वेगळी न्यायालये व वेगळा कायदा हा फ्रेंच विचार, या दोन्हींची सरमिसळ आपल्याकडे आहे. रिटवर आपला भरवसा वाढला, त्याचे मला समाधान आहे आणि काळजीही. रिटमध्ये सहसा साक्षीदार तपासले जात नाहीत, उलटतपास होत नाही. तथ्यांवर वाद असेल तर दिवाणी दाव्यालाच पर्याय नाही, आणि दावा सुधारायचे सोडून आपण रिटकडे धावतो आहोत.

हे सगळे आता सांगण्याची निकड काय? १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले, त्यावर गावोगाव व्याख्याने झाली. दिवाणी संहिता १९०८ चीच आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे देशभरातल्या प्रलंबित दरखास्तींचा आकडा आला, तो आठ लाखांवर होता आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या कोर्टांचा होता. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. निष्काळजीपणाची संकल्पना अपकृत्याची, उपाय लोकविधीचा, रक्कम कोण, किती दिवसांत आणि कशी मिळवून देणार हा प्रश्न प्रक्रियेचा. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सिंधुदुर्गापासून सोलापूरपर्यंतच्या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना उच्च न्यायालय जवळ आले. आणि तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी आहे. वादपत्र मराठीत, उलटतपास मराठीत, पण त्यामागचा विचार समजावणारे पुस्तक इंग्रजीत, ही स्थिती तरुण वकिलांना पंगू करते.

म्हणून पुस्तकात मी कोर्टाच्या आवारात चालतात तेच शब्द वापरले आहेत : कैफियत, निशाणी ५ चा अर्ज, तूर्तातूर्त मनाई, पुरसिस, हुकूमनामा, दरखास्त. शासकीय परिभाषेतला शब्द जिथे रुळला आहे तिथे तो घेतला, जिथे कारकूनही तो वापरत नाही तिथे सोडला. कलमवार भाष्य इथे मिळणार नाही, त्यासाठी मोठे ग्रंथ आहेत. प्रत्येक तत्त्व एखाद्या खऱ्या निवाड्याच्या आधाराने, शक्य तिथे महाराष्ट्रातल्या, पहिल्या नोटिशीपासून शेवटच्या बजावणीपर्यंत नेऊन दाखवायचे, एवढाच प्रयत्न आहे. करविषयक आणि सेवाविषयक कायदा हेतुपुरस्सर वगळला आहे.

विद्यार्थ्यांनी आणि पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्या पक्षकारांनी हे पुस्तक वाचताना शेजारी एखाद्या निकाली दाव्याची फाईल ठेवावी आणि ती उलट्या क्रमाने वाचावी. आधी दरखास्त, मग हुकूमनामा, मग मुद्दे, शेवटी वादपत्र. वादपत्रातले मिळकतीचे वर्णन बेलीफाला बांधावर उभे राहून वाचता येईल का, हे तपासावे. आणि राज्याच्या जबाबदारीच्या प्रकरणाशी पोहोचल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवावी : गजेंद्रगडकरांनी १९६४ मध्ये मागितलेला तो कायदा संसदेने अजून केलेला नाही.